कामावरून सुटल्यावर

लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण काठाला वॉटर्लू रोड नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्यावरचे ‘ओल्ड व्हिक’ हे नाट्यगृह शेक्सपिअरच्या नाटकांमुळे पुढे जगभर गाजले. पण सव्वाशे वर्षांपूर्वी या नाट्यगृहाच्या मागच्या बाजूला रोज संध्याकाळी वेगळीच वर्दळ असे. तिथे मोर्ले कॉलेज भरत असे. १८८९ साली स्थापन झालेले हे कॉलेज कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी होते. दुकानात, कारखान्यात, कचेरीत दिवसभर राबलेली माणसे कामावरून सुटली की इथे यायची. कोणी इतिहास शिके, कोणी गणित. ज्यांना हौस असे ती मंडळी गात आणि वाजवत.

१९०७ साली या संध्याकाळच्या कॉलेजात संगीताचा नवा मास्तर आला. वय तेहतीस. अंगाने किरकोळ, डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा, छातीत दमा, आणि उजव्या हातात असे दुखणे की लिहिता लिहिता बोटांनी असहकार पुकारावा. नाव गुस्टाव फॉन होल्स्ट.

आज जगात जिथे जिथे पाश्चात्त्य धर्तीचे मोठे वाद्यवृंद आहेत, तिथे तिथे होल्स्टची ‘द प्लॅनेट्स’ ही रचना वाजते. ज्यांनी ती मुद्दाम कधी ऐकलेली नाही, त्यांच्याही कानांवरून तिच्या वळणाचे संगीत अवकाशयानांच्या चित्रपटांतून गेलेले असते. पण मला आज सांगायचे आहे ते ग्रहांविषयी थोडे आणि वॉटर्लू रोडवरच्या त्या मागच्या खोल्यांविषयी अधिक. कारण ग्रह रचणारा हा माणूस सतरा वर्षे तिथल्या हौशी वादकांपुढे छडी घेऊन उभा राहिला. ही कामगिरी त्याच्या चरित्रात सहसा दोन-चार पानांत उरकली जाते.

मला ती दोन-चार पाने महत्त्वाची वाटतात, त्याचे कारण थोडे खासगी आहे. मी उभी हयात बँकेत काढली. कादंबऱ्या लिहिल्या त्या पहाटे उठून आणि रविवारी. साहित्यातले मित्र विचारीत, ही खर्डेघाशी सोडून पूर्णवेळ का लिहीत नाहीस? बँकेतले मित्र विचारीत, घरदार असताना हा रिकामा उद्योग कशाला? दोन्हीकडे आपण थोडे कमी पडतो, अशी बोच कायम असे. होल्स्टही रविवारचाच संगीतकार. आठवडाभर शिकवायचे आणि रविवारी, नाहीतर ऑगस्टच्या सुटीत, स्वतःचे लिहायला बसायचे, हा त्याचा शिरस्ता. तो शिकवण्यात फुकट गेला असे म्हणणारे जाणकार पूर्वी होते, आजही आहेत. मीही पूर्वी त्यांच्यातलाच होतो.

होल्स्टचा जन्म २१ सप्टेंबर १८७४ चा, चेल्टनहॅम गावातला. पणजोबा बाल्टिक समुद्राकाठच्या रिगा शहरातून इंग्लंडात आलेले. घरात संगीत पिढीजात. आपल्याकडे कीर्तनकाराच्या पोराने पुढे काय व्हायचे हे जसे त्याच्या बारशालाच ठरलेले असे, तसेच हे. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत आणि पियानोच्या शिकवण्या घेत. आई मूल सात वर्षांचे असतानाच गेली. मुलाने पियानोवादक व्हावे ही वडिलांची इच्छा. पण रियाज वाढला तसा उजव्या हातात मज्जातंतूंचा दाह सुरू झाला आणि तो मार्ग बंद झाला. दम्यावर इलाज म्हणून वडिलांनी त्याच्या हाती ट्रॉम्बोन दिला. पुढे-मागे सरकणाऱ्या नळीचे हे पितळी वाद्य फुंकायला भरपूर दम लागतो. फुंकून फुंकून छाती सुधारेल, असा साधा हिशेब होता. दमा काही गेला नाही, पण पोटापाण्याची एक सोय झाली.

पहिले गायकवृंद त्याला मिळाले तेव्हा तो जेमतेम अठरा वर्षांचा होता. ग्लॉस्टरशरमधल्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये तो ऑर्गन वाजवू लागला आणि जवळच्या गावातल्या गायकमंडळींना शिकवू लागला. १८९३ मध्ये तो लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये दाखल झाला. तिथे १८९५ साली त्याची राल्फ वॉन विल्यम्सशी गाठ पडली. हाही पुढे मोठा संगीतकार झाला. आपले नवे लेखन एकमेकांपुढे टाकायचे आणि भीडमुर्वत न ठेवता दोष दाखवायचे, असा या दोघांचा परिपाठ होता, आणि तो होल्स्टच्या मृत्यूपर्यंत चालला. लेखकांच्या जगात अशी मैत्री किती दुर्मीळ असते ते मी सांगायला नको.

याच काळात तो विल्यम मॉरिस या समाजवादी कवी-कारागिराच्या लंडनमधल्या घरी व्याख्याने ऐकायला जाऊ लागला आणि तिथल्या समाजवादी गायकवृंदाचा संचालक झाला. वृंदातल्या इझोबेल हॅरिसन या तरुणीवर त्याचे मन जडले. १९०१ साली दोघांचे लग्न झाले. संसार ट्रॉम्बोनवर चालला होता. ऑपेरा कंपनीबरोबर गावोगाव फिरायचे, नाहीतर एखाद्या बँडमध्ये फुंकायचे. त्यांतल्या एका बँडच्या नावात व्हिएन्ना होते. पांढरा पोशाख घालायचा आणि बोलताना परदेशी हेल काढायचा, असा मालकाचा हुकूम होता. परदेशी वादक म्हटले की इंग्रज श्रोता खूश. हा फॉरेनचा सोस केवळ आपलाच आहे असे मला वाटत असे, ते या बँडमुळे चुकीचे ठरले.

आणि याच धावपळीत हा ट्रॉम्बोनवाला संस्कृतच्या नादी लागला.

१८९९ च्या सुमारास हिंदुस्थानाविषयीचे एक इंग्रजी पुस्तक त्याच्या हाती पडले. त्यातून ऋग्वेदाविषयी, रामायणाविषयी कुतूहल जागे झाले. मिळाली ती इंग्रजी भाषांतरे त्याला गाण्याच्या कामाची वाटली नाहीत. मग त्याने डॉ. मेबल बोड या विदुषीकडे संस्कृतचे धडे घ्यायला सुरुवात केली. पंडित होण्याइतके संस्कृत त्याला कधीच आले नाही. देवनागरी अक्षरे ओळखायची, शब्दकोशात शब्द शोधायचा, अर्थ जुळवायचा आणि गाता येईल अशा इंग्रजीत तो उतरवायचा, इतकीच त्याची मजल. पण या तुटपुंज्या भांडवलावर त्याने दहा-बारा वर्षे हिंदुस्थानाशी व्यवहार केला. ‘सीता’ ही तीन अंकी संगीतिका लिहिण्यात त्याची कित्येक वर्षे गेली. ती त्याने १९०८ मध्ये एका स्पर्धेला पाठवली आणि तिला बक्षीस मिळाले नाही. ‘मेघदूता’वरचे त्याचे मोठे गायन १९१३ साली लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये झाले आणि पडले. दोन्ही वेळी तो खचला.

मात्र ‘सावित्री’ हे त्याचे काम वेगळे. १९०८ ची ही संगीतिका जेमतेम अर्ध्या तासाची. पात्रे तीनच: सावित्री, सत्यवान आणि मृत्यू. वाद्ये मोजून बारा. पडदा, पार्श्वसंगीत, राजवाडा, काही नाही. सुरुवातीला अंधारातून मृत्यूचा नुसता आवाज येतो. दरवर्षी वडाला दोरा गुंडाळताना आपल्याकडच्या बायका जी कथा ऐकतात, तीत सावित्री यमाकडून शंभर पुत्रांचा वर मागते आणि त्याला शब्दात पकडते. होल्स्टची सावित्री पुत्र मागत नाही, ती नुसते जीवन मागते. ते दिल्यावर ती सांगते, की सत्यवानाविना मला जीवन नाही, तेव्हा दिलेला शब्द पाळ. आपल्या पुराणातल्या युक्तिवादाला त्याने दिलेली ही कलाटणी मला फार आवडते. हिंदुस्थानी चाली त्यात शोधू नयेत. त्याने राग-ताल उसने घेतले नाहीत, फक्त कथा घेतली आणि तिच्याभोवतीचा फापटपसारा काढून टाकला. १९१६ मध्ये पहिला प्रयोग झाला तोसुद्धा संगीतिका शिकवणाऱ्या एका शाळेतर्फे. ऋग्वेदातल्या सूक्तांचे त्याने समूहगानासाठी चार संच केले. त्यांतला एक, उषा आणि आप या देवतांच्या सूक्तांचा, त्याने ब्लॅकबर्न गावातल्या बायकांच्या गायकवृंदासाठी लिहिला. ब्लॅकबर्न म्हणजे लँकेशरमधले कापडगिरण्यांचे गाव. आपल्या गिरणगावातल्या भजनी मंडळाने एखादे लॅटिन स्तोत्र बसवावे, तसा हा प्रकार.

दरम्यान त्याने ट्रॉम्बोन खुंटीला टांगला होता. १९०४ पासून तो एका मुलींच्या शाळेत शिकवू लागला, १९०५ पासून सेंट पॉल्स या दुसऱ्या मुलींच्या शाळेत, आणि १९०७ पासून संध्याकाळी मोर्ले कॉलेजात. सेंट पॉल्सची नोकरी त्याने मरेपर्यंत केली.

हौशी वाद्यवृंद म्हणजे काय प्रकरण असते, याची कल्पना ज्यांनी तो चालवला त्यांनाच येईल. धंदेवाईक वाद्यवृंदात किती व्हायोलिने, किती बासऱ्या, किती तुताऱ्या हे ठरलेले असते. हौशी वृंदात मात्र कोण येईल ते धरून चालावे लागते. ज्या वाद्याची गरज असते ते कोणालाच येत नसते, आणि ज्याची एकच हवी ते वाजवणारे तिघे हजर. एकाचे वाद्य वरच्या पट्टीत लावलेले, दुसऱ्याचे खालच्या. एकाची रात्रपाळी असते, दुसऱ्याच्या घरी आजारपण. आमच्या बँकेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात मी तीन वर्षे वाद्यवृंदाची व्यवस्था पाहिली आहे. पेटीवाले चार, तबलजी एक, आणि तोही ऐन वेळी दुसऱ्या शाखेत हिशेब जुळवायला गेलेला. शेवटी एका पेटीवाल्याच्या गळ्यात आम्ही खंजिरी अडकवली. त्याने ती जी बडवली, तिचा विषय पुढे कित्येक महिने जेवणाच्या सुटीत निघत असे.

होल्स्टने यावर काढलेला उपाय सोपा होता आणि अतिशय कष्टाचा. संगीताला माणसे मिळत नसतील, तर माणसांना बेतून संगीत लिहायचे. जो कोणी वाद्य घेऊन येईल त्याला जमेल असा तुकडा तो त्याच्यासाठी लिहून काढी. नवशिक्याला मोकळ्या तारांवरचे दोन-चार सूर, सरावलेल्याला अवघड ओळ. हीच नजर त्याच्या मोठ्या कामांतही दिसते. लष्करी बँडसाठी १९०९ साली लिहिलेल्या त्याच्या रचनेत बरीचशी वाद्ये ऐच्छिक ठेवलेली आहेत. ती असली तर उत्तम, नसली तरी रचना उभी राहते. सेंट पॉल्सच्या मुलींसाठी लिहिलेली तंतुवाद्यांची रचना तर आज जगभरचे धंदेवाईक वृंद वाजवतात.

एका बाबतीत मात्र तो तडजोड करीत नसे. हौशी आहेत म्हणून त्यांना हलकेफुलके, सोपे, टाळ्या घेणारे द्यायचे, हे त्याला मान्य नव्हते. मोर्लेत आल्या आल्या त्याने बाख, पर्सेल असल्या जुन्या, कसदार मंडळींना हात घातला. चार घटका करमणूक हवी म्हणून येणारे काही जण त्यामुळे गळाले. वर्ग आधी रोडावला आणि मग सावकाश भरू लागला. जे टिकले ते मात्र असे चिकटले, की आठवड्याची तालीम चुकवणे त्यांना जड जाऊ लागले. आपल्याकडे ‘हौशी’ हा शब्द आपण जरा खालच्या पट्टीत उच्चारतो. हौशी नट म्हटले की पाठांतर कच्चे असणार हे गृहीत. होल्स्टच्या खोलीत ही सवलत नव्हती.

या मंडळींनी जे मोठे काम केले ते १९११ सालचे.

हेन्री पर्सेल हा सतराव्या शतकातला इंग्लंडचा सर्वांत मोठा संगीतकार. शेक्सपिअरच्या एका नाटकाच्या रूपांतरासाठी त्याने १६९२ साली ‘द फेअरी क्वीन’ हे संगीत लिहिले. १६९५ मध्ये तो ऐन छत्तिशीत वारला, आणि त्यानंतर लवकरच या संगीताची हस्तलिखित प्रत हरवली. नाट्यगृहाने १७०१ साली वर्तमानपत्रात जाहिरात देऊन ती आणून देणाऱ्यास वीस गिनी बक्षीस लावले होते. पण प्रत मिळाली नाही. ती सापडली बरोबर दोनशे वर्षांनी, १९०१ मध्ये, लंडनच्याच एका संगीतविद्यालयाच्या ग्रंथालयात. सापडूनही दहा वर्षे लंडनच्या बड्या संस्थांपैकी कोणी ती अख्खी वाजवून दाखवली नाही. होल्स्टने ठरवले, की हे मोर्ले करील.

यात अडचण अशी होती. वाद्यवृंदातल्या प्रत्येक वादकापुढे सगळे संगीत नसते. त्याच्यापुढे फक्त त्याच्या वाद्याची ओळ असते आणि मध्ये मध्ये किती मात्रा गप्प बसायचे त्याचे आकडे. संपूर्ण स्वरलिपी एकट्या संचालकापुढे. म्हणजे एका मूळ प्रतीतून प्रत्येक वाद्याची, प्रत्येक आवाजाची स्वतंत्र नक्कल करावी लागते. झेरॉक्सचा जन्म व्हायचा होता आणि धंदेवाईक नकलनविसाला द्यायला कॉलेजकडे पैसे नव्हते. तेव्हा मोर्लेचे अठ्ठावीस विद्यार्थी पुढे आले आणि त्यांनी फावल्या वेळात नकला करायला घेतल्या. पाने झाली दीड हजार. वेळ लागला जवळजवळ दीड वर्ष.

जुन्या सवयीने मी हिशेब मांडून पाहिला. माणशी चौपन्न पाने येतात. आठवड्याला एक पानही पुरते पडत नाही. ऐकायला हे काही फार नाही. पण ज्याने हाताने खातेवही लिहिली आहे, त्याला विचारा. दिवसभर काम करून आलेला माणूस दिव्याखाली टाक बुडवून बारीक टिंबे काढतो आहे. एका ओळीत एक मात्रा सुटली, तर ते त्याच्या पानावर कळत नाही. ते कळते तालमीत, सगळे एकत्र वाजू लागल्यावर, जेव्हा एक जण बाकीच्यांच्या आधी मुक्कामाला पोहोचतो. मग शोधा, चूक कुठल्या पानावर आहे. ताळेबंदात एक रुपयाचा फरक राहिला म्हणून रात्री दहापर्यंत थांबलेली माणसे मला त्या वेळी आठवतात. फरक इतकाच, की आम्हाला त्याचा पगार मिळत होता.

१० जून १९११ रोजी त्याच नाट्यगृहात ‘द फेअरी क्वीन’चा कार्यक्रम झाला. पोशाख नाहीत, नेपथ्य नाही, नुसते गायन-वादन. प्रास्ताविक करायला मित्र वॉन विल्यम्स. सतराव्या शतकानंतर हे संगीत संपूर्ण असे प्रथमच मनुष्याच्या कानी पडत होते, आणि ते ऐकवणारी माणसे सोमवारी सकाळी पुन्हा आपापल्या कामावर जाणार होती. ‘टाइम्स’सारख्या पत्रानेही त्यांची वाखाणणी केली.

सेंट पॉल्स शाळेत १९१३ साली संगीतासाठी नवी इमारत झाली. तीत होल्स्टला बाहेरचा आवाज आत न येणारी एक खोली मिळाली. चाळीत किंवा दोन खोल्यांच्या घरात राहून ज्यांनी लेखन केले आहे, त्यांना या खोलीचे मोल कळेल. ‘द प्लॅनेट्स’ जन्मली ती या खोलीत, १९१४ ते १९१६ या दोन वर्षांत, रविवारी आणि सुट्यांत. एका मित्राच्या नादाने त्याला फलज्योतिषात गोडी लागली होती. मंगळापासून नेपच्यूनपर्यंतच्या सात ग्रहांना त्याने एकेका स्वभावाप्रमाणे संगीत दिले. मंगळाचा तो छाती दडपून टाकणारा ठेका महायुद्ध जाहीर होण्यापूर्वीच सुचलेला होता. हाताचे दुखणे इतके वाढले होते, की प्रचंड वाद्यवृंदाची ही स्वरलिपी त्याच्याने लिहवेना. मग शाळेतल्या दोन सहकारी शिक्षिका त्याच्या शेजारी बसून लिहून घेऊ लागल्या. मोर्लेत जे अठ्ठावीस जणांनी पर्सेलसाठी केले होते, ते आता त्याच्यासाठी होत होते.

युद्धावर जाण्यासाठी तो पुढे झाला, पण नजर आणि हात पाहून त्याला परत पाठवण्यात आले. एसेक्समधल्या थॅक्स्टेड गावी त्याने एक झोपडीवजा घर भाड्याने घेतले होते. तिथे या जर्मन वळणाच्या नावाच्या गृहस्थाविषयी लोकांत कुजबुज सुरू झाली आणि ती पोलिसांपर्यंत गेली. ज्या इंग्रजांना बँडमध्ये परदेशी हेल हवा होता, तेच हे इंग्रज.

थॅक्स्टेडचा पाद्री समाजवादी विचारांचा होता आणि चर्च अवाढव्य, उजेडाने भरलेले. १९१६ साली व्हिटसनच्या सणाला, म्हणजे ईस्टरनंतर सातव्या रविवारी, होल्स्ट आपली मोर्लेची मंडळी आणि शाळेतल्या मुली घेऊन तिथे गेला. गावातले गाणारे त्यांना मिळाले. चार दिवस चर्चमध्ये गायन-वादन. कार्यक्रम संपला की मंडळी उठून जात नसत. बागेत, रस्त्यात, जेवणाच्या टेबलावर गाणे पुढे चालूच. वारीत दिंडी मुक्कामाला पोहोचली तरी अभंग थांबत नाहीत, तसेच. घरापासून शेकडो मैलांवर युद्ध पेटलेले होते. मोर्लेच्या वर्गातले पुरुष एकेक करून भरती होत होते. असे उत्सव त्याने तिथे तीन वर्षे केले, आणि पुढे दुसऱ्या गावांतही.

१९१८ च्या शरद ऋतूत त्याला युद्धकार्याची संधी मिळाली. ग्रीसमधल्या सलोनिका भागात अडकून पडलेल्या सैनिकांना संगीत शिकवायचे होते. त्या नेमणुकीसाठी नावातला ‘फॉन’ काढून टाकावा लागला. त्याने तो कायदेशीरपणे काढला. जाण्यापूर्वी बाल्फर गार्डिनर या धनवान संगीतकार मित्राने त्याला निरोपाची भेट दिली. २९ सप्टेंबरच्या रविवारी सकाळी क्वीन्स हॉल आणि धंदेवाईक वाद्यवृंद, दोन्ही भाड्याने घेतलेले. एड्रियन बोल्ट हा तरुण संचालक. तालमीला जेमतेम दोन तास. आमंत्रित श्रोत्यांपुढे ‘द प्लॅनेट्स’ पहिल्यांदा वाजली. शेवटी नेपच्यूनमध्ये पडद्याआडून बायकांचे शब्दहीन गाणे येते आणि विरत जाते. ते गायला त्याच्याच शिष्या होत्या. होल्स्टची मुलगी इमोजेन हिने वडिलांचे चरित्र लिहिले आहे. त्यात तिने नोंदवले आहे, की गुरूचे संगीत सुरू झाले तेव्हा बाहेरच्या व्हरांड्यात फरशी घासणाऱ्या बायका ब्रश खाली ठेवून नाचू लागल्या. त्या वाद्यवृंदाने होल्स्टची कितीही वाहवा केली असली, तरी ही दाद त्याला अधिक ओळखीची वाटली असणार.

सलोनिकाला त्याने तंबूतंबूतून गाणारे-वाजवणारे गोळा केले आणि पुन्हा तेच सुरू केले. १९१९ च्या जूनमध्ये तो परतला तो एका वेगळ्याच जगात. १९२० साली ‘द प्लॅनेट्स’ प्रथमच सबंध अशी जाहीरपणे वाजली आणि होल्स्ट प्रसिद्ध झाला. प्रसिद्धी त्याला मानवली नाही, हे शब्दशः खरे आहे. निमंत्रणे, मुलाखती, दौरे, आणि खाली शाळा, कॉलेज, मोर्ले हे सगळे होतेच. कुठलेच सोडायला तो तयार नव्हता. १९२३ च्या फेब्रुवारीत रेडिंग येथे वाद्यवृंदाचे संचालन करताना तो चौथऱ्यावरून पाठमोरा पडला. डोक्याला मार लागला. नंतर झोप उडाली, डोके ठणकू लागले, गोंगाट सोसेना. डॉक्टरांनी सगळी कामे बंद करायला सांगितली. १९२४ मध्ये त्याने मोर्ले सोडले आणि त्या वर्षाचा बराच भाग थॅक्स्टेडला जवळजवळ एकट्याने काढला.

इथे माझ्यातला कारकून पुन्हा जमाखर्च मांडू पाहतो. इतकी वर्षे आठवड्यातून इतक्या संध्याकाळी दिल्या, त्यांतून आणखी एखादी ‘प्लॅनेट्स’ झाली नसती का? झाली असती, कदाचित. घरी बायको वाट पाहत असे, मुलगी वडिलांना शाळेतच जास्त भेटत असे, हे खर्चाच्या बाजूला लिहावेच लागेल. पण एक नोंद कुठे लिहावी ते मला उमजत नाही. त्याला पूर्ण मोकळीक मिळाली होती ती १९२४ साली. हवा तेवढा वेळ, शांतता, प्रसिद्धी, सगळे होते. आणि तो परत गेला तो सेंट पॉल्सच्या मुलींकडेच. १९२८ मध्ये पितळी बँडच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी त्याला रचना मागितली. या बँडमध्ये खाणकामगार आणि गिरणीकामगार वाजवायचे. त्याने ‘मूरसाइड स्वीट’ लिहून दिली ती मोठ्या आनंदाने, आणि ती लेचीपेची नव्हती. फलाटावरून फुकट गेलेल्या गाडीकडे पाहावे, तसे त्याने गेलेल्या संध्याकाळींकडे कधी पाहिल्याचे दिसत नाही.

१९३२ मध्ये अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात शिकवत असताना पोटातला व्रण फुटला. त्यानंतर प्रकृती सावरली नाही. १९३३ मध्ये आजारपणात, अंथरुणावरून, त्याने शाळेतल्या लहान मुलींच्या वाद्यवृंदासाठी एक छोटी रचना केली. नाव दिले शाळेजवळच्या हिरवळीचे, ‘ब्रूक ग्रीन’. नवशिक्या बोटांना झेपेल इतकीच अवघड. १९३४ च्या मार्चमध्ये मुलींनी ती वाजवली तेव्हा तो ऐकायला होता. मे महिन्यात त्याच्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली. ती हृदयाला सोसली नाही. २५ मे रोजी तो गेला, एकोणसाठाव्या वर्षी. रक्षा चिचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये ठेवली. तिथे १९३० साली तो आपली गाणारी मंडळी घेऊन सणाला गेला होता.

मोर्ले कॉलेज दरम्यान जवळच्याच रस्त्यावर स्वतःच्या इमारतीत गेले होते. १९४० च्या ऑक्टोबरात ती इमारत जर्मन बॉम्बने उद्ध्वस्त झाली. त्याच महिन्यात मायकेल टिपेट या तरुण संगीतकाराने संगीताचा वर्ग हाती घेतला आणि उरल्यासुरल्या गायक-वादकांना घेऊन पुन्हा पर्सेल काढला.

इमोजेन त्या युद्धाच्या दिवसांत इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून हिंडत होती. जिथे चार गाणारे आणि दोन वाजवणारे भेटतील, तिथे थांबून त्यांना बसते करायचे, हे तिचे काम. नंतर १९५०-५१ च्या हिवाळ्यात ती दोन महिने शांतिनिकेतनात येऊन राहिली. वडिलांनी हा देश कधी पाहिला नव्हता. तिथे तिने शिकवले, शिकली, आणि इकडच्या लोकगीतांच्या काही चाली उतरवून घेऊन परत गेल्यावर रेकॉर्डरसाठी छापल्या. रेकॉर्डर म्हणजे इंग्लंडातल्या शाळांतून मुलांच्या हाती प्रथम देतात ती साधी लाकडी बासरी.